जुन्या पिनबॉलच्या प्लेफिल्डवरचा रंग पुन्हा पुन्हा का जातो, आणि तो कसा थांबवायचा

साठ-सत्तरच्या दशकातलं पिनबॉल मशीन ज्यांच्या घरी आहे, त्यांची तक्रार बहुतेक वेळा सारखीच असते. काच काढली, प्लेफिल्ड म्हणजे चेंडू धावतो ती चित्रांची फळी पुसली, मेणाचा हात दिला, चित्रं लख्ख दिसू लागली. दोन-तीन महिने घरच्यांनी आणि पाहुण्यांनी मनसोक्त खेळून घेतलं की पुन्हा तेच: चेंडूच्या वाटेवर काळे पट्टे, चेंडू परत वर मारणाऱ्या फ्लिपरखाली रंग पुसट झालेली कमान, चेंडूला धक्का देऊन उडवणाऱ्या बंपरभोवती डोकावणारं लाकूड. मग पुन्हा पुसायचं, पुन्हा मेण लावायचं. दर खेपेला फळी आधीपेक्षा थोडी जास्त उघडी पडलेली असते.

मेण बदलून हे थांबत नाही. कोणतं मेण चांगलं, कोणतं पॉलिश चांगलं यावर लोक तासन् तास वाद घालतात, पण रंग खाणारी वस्तू दुसरीच असते. खड्डे पडलेला चेंडू, यंत्राच्या पोटातून येणारी काजळी, खाली बसलेला फ्लिपर, वर उचलली गेलेली इन्सर्ट, म्हणजे फळीत बसवलेली दिव्याची प्लास्टिक खिडकी. ती वस्तू सापडेपर्यंत केलेली प्रत्येक सफाई रंगावरच्या उरल्यासुरल्या लॅकरच्या पारदर्शक थराला आणखी एकदा घासते. म्हणून इथे मेणाची पाळी बरीच उशिरा येईल. ज्यांना थेट मेणाकडे उडी मारायची आहे त्यांनी निदान चेंडूचा भाग तरी वाचावा.

हे सगळं इलेक्ट्रोमेकॅनिकल यंत्रांना लागू होतं, म्हणजे रिले आणि फिरत्या आकड्यांच्या चकत्यांवर चालणाऱ्या. त्यांच्यानंतर आलेल्या सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांनाही लागू होतं. 1990 च्या सुमारास विल्यम्स या पिनबॉल कंपनीने ‘डायमंड प्लेट’ नावाचा टणक थर आणला आणि तिथून पुढच्या प्लेफिल्डचं गणित बदललं. तसं यंत्र असेल तर खालच्या काही सूचना तुम्हाला अति सावध वाटतील, आणि ते बरोबरच आहे.

फळीवर नेमकं काय असतं

प्लेफिल्ड म्हणजे साधारण अर्धा इंच जाडीचं प्लायवूड, वरचा पापुद्रा मेपलचा. त्यावर एकेक रंग वेगवेगळ्या जाळीतून छापलेला असतो आणि त्या छपाईवर लॅकरचा पातळ थर असतो. बस, एवढंच. गॉटलीब, बॅली, विल्यम्स या तिन्ही शिकागोच्या कंपन्या. त्यांची यंत्रं बारमध्ये, बोलिंग अ‍ॅलीत, कोपऱ्यावरच्या दुकानात नाणी गोळा करायला जायची. काही वर्षं कमाई झाली की ऑपरेटर ते यंत्र काढून नवं ठेवायचा. पन्नास वर्षांनी कोणी ही फळी जपत बसेल असा विचार करून ते लॅकर मारलेलंच नव्हतं. 1976 सालच्या गॉटलीबच्या ‘रॉयल फ्लश’वर गॉर्डन मॉरिसन यांनी काढलेले पत्त्यांचे राजे-राण्या आज इतके देखणे वाटतात, पण त्यांच्यावरचं कवच नखानेही ओरखडतं.

वय झालं की लॅकर ठिसूळ होतं. लाकूड मात्र दर ऋतूत फुगतं आणि आकसतं. त्या ओढाताणीत लॅकरला लाकडाच्या रेषांच्या दिशेने केसासारख्या उभ्या भेगा पडतात. याला पिनबॉलवाले प्लँकिंग म्हणतात. भेगेत काजळी बसली की फळीवर काळ्या रेघोट्या दिसू लागतात. ही घाण पृष्ठभागावर नसून भेगेच्या आत असते, त्यामुळे जोर लावून घासलं तर आधी भेगेच्या दोन्ही बाजूंचा चांगला रंग निघतो आणि रेघ तशीच राहते.

आणि म्हणूनच पाणी नको. काच पुसायचा निळा स्प्रे, साबणाचं पाणी, ओलं फडकं, यातलं काहीही जुन्या फळीला लावू नका. भेगेतून किंवा झिजलेल्या जागेतून पाणी मेपलमध्ये शिरलं की लाकडाचे तंतू उभे राहतात आणि रंगाला खालून उचलतात. नंतर तो भाग हाताला खरखरीत लागतो, आणि चेंडू त्या खरखरीवरून गेला की रंगाचे कण सुटायला लागतात.

आपल्याकडच्या लोकांना एक मोह हमखास होतो, तो वेगळा सांगायला हवा. कॅरमवर बोरिक पावडर टाकत लहानाचे मोठे झालेल्यांना वाटतं की चेंडू अडतोय तर चिमूटभर पावडर टाकावी. कॅरमची सोंगटी सपाट घसरते, म्हणून तिला पावडर लागते. पिनबॉलचा चेंडू गोल आहे, गडगडतो. त्याला पावडरीचा काही उपयोग नाही. उलट मेणात आणि काजळीत मिसळून तिचा लगदा होतो, ती भेगांत बसते, आणि स्विचच्या पात्यांवर जाऊन संपर्क बिघडवते तो त्रास वेगळाच.

आधी झीज कुठे आहे ते बघा

काच काढा, प्लग भिंतीतून काढा, चेंडू बाहेर काढून ठेवा आणि टॉर्च फळीला जवळजवळ टेकवून आडवा प्रकाश टाका. वरून दिवा मारला तर काही कळत नाही. आडव्या उजेडात भेगा, उंचवटे, सुटलेले पोपडे, चेंडूचे ओरखडे सगळं उघड होतं. मोबाइलवर फोटो काढून ठेवा, पुढच्या वेळी ताडून बघायला उपयोगी पडतात.

झीज कुठे आहे त्यावरून कारण बरंचसं ओळखता येतं. फ्लिपरच्या खाली पंख्याच्या आकाराची कमान असेल तर फ्लिपर घासतोय. बंपरभोवती कडं पडलं असेल तर ते चेंडूच्या सततच्या माराने, आणि हे थोडंफार प्रत्येक यंत्रात होतं. चेंडू गिळून परत फेकणाऱ्या खळग्यासमोर एकच गोल टक्कल असेल तर फेकलेला चेंडू रोज त्याच जागी आदळतोय. इन्सर्टच्या एकाच बाजूचा रंग उडाला असेल तर ती इन्सर्ट फळीच्या पातळीला राहिलेली नाही. एकाच बाजूच्या आउटलेनला, म्हणजे चेंडू खेळाबाहेर जातो त्या कडेच्या वाटेला, जास्त झीज असेल तर यंत्र आडव्या दिशेने कललेलं आहे. आणि सगळीकडे सारखे, बारीक, वेडेवाकडे गोलाकार ओरखडे असतील तर चेंडूकडे बघा.

आता स्वच्छ पांढरं सुती फडकं कोरडंच घ्या आणि वेगवेगळ्या जागी हलक्या हाताने एकदा फिरवा. काळा, तेलकट डाग आला तर तो धातूच्या भुकटीचा आणि जुन्या वंगणाचा. राखाडी, कोरडी धूळ आली तर रबर रिंगची. फडक्याला लाल, निळा, पिवळा रंग लागला तर तिथेच थांबा. त्या जागेवर लॅकर उरलेलं नाही, छपाई थेट उघडी आहे. तिथे पुसणं, घासणं, मेण सगळं बंद. त्या जागेबद्दल शेवटी लिहिलं आहे.

चेंडू

सगळ्यात स्वस्त दुरुस्ती हीच, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष हिच्याकडेच. पिनबॉलचा नेहमीचा चेंडू पोलादाचा, सुमारे 27 मिलिमीटर व्यासाचा आणि 80 ग्रॅम वजनाचा. नवा असताना त्यात स्वतःचा चेहरा स्पष्ट दिसतो. जुन्या यंत्रात सापडणाऱ्या चेंडूत खिडकीचा उजेड फक्त धूसर डागासारखा दिसतो, कारण त्याच्या अंगावर असंख्य बारीक खड्डे असतात. त्या प्रत्येक खड्ड्याला कड असते. असा चेंडू प्लेफिल्डवर खेळवणं म्हणजे कानस फिरवणं.

त्यातून गंज असेल तर विचारूच नका. गंजाचे कण सुटतात, मेणात रुततात आणि पुढच्या चेंडूलाही ओरखडतात. चेंडू घासून, पॉलिश करून परत वापरायचा सल्ला काही जण देतात. मला तो पटत नाही. नवा चेंडू काही डॉलरना मिळतो, आणि त्याच्यासमोर आहे ती पन्नास वर्षांपूर्वीची छापील फळी जी पुन्हा कुठे मिळणार नाही. बदला.

बदलल्यावर मात्र महिनाभराने तो पुन्हा काढून बघा. नव्या चेंडूवर इतक्या लवकर ओरखडे आले असतील तर यंत्रात काहीतरी त्याला कापतंय. चेंडू जिथे जिथे धातूला लागतो ती सगळी वाट बोटाने चाचपा: बाजूच्या मार्गदर्शक पट्ट्यांच्या कडा, वरच्या दाराची तार, खळग्याचा काठ, चेंडू जमा होतो तिथली पत्र्याची कड, चेंडू खेळात ढकलणाऱ्या प्लंजरच्या टोकाचं रबर. ते रबर गळून पडलेलं असतं आणि उघडा दांडा चेंडूला ठोकतो, हे फार वेळा दिसतं. कुठे पत्र्याची धार लागली तर बारीक पॉलिशपेपरने मोडा, पण त्याआधी खालची फळी चिकटपट्टीने आणि कागदाने झाका, म्हणजे लोखंडाचा कीस रंगावर पडणार नाही.

चेंडूत चुंबकत्व आलंय का तेही पाहा. टाचणी किंवा कागदाची क्लिप चिकटली तर तो चेंडू लोखंडाची भुकटी स्वतःच्या अंगावर घेऊन फिरतो आणि सगळ्या फळीवर पसरवतो.

काजळी येते कुठून

घरात धूळ येऊ देत नाही, वर काच असते, तरी प्लेफिल्ड काळं का होतं? कारण घाण यंत्रच तयार करतं. फ्लिपर, बंपर, खळगा, प्रत्येकाच्या खाली कॉइल असते आणि तिच्यातून लोखंडी दांडा वेगाने आत-बाहेर होतो. कॉइलची नळी झिजली की दांडा धातूला किंवा फाटक्या नायलॉनला घासतो, काळी भुकटी पडते आणि बंपरच्या, फ्लिपरच्या भोकांतून वर येते. जुन्या नळ्या काढून नव्या नायलॉनच्या घाला आणि दांडे पुसून कोरडे ठेवा. कॉइलच्या दांड्याला तेल किंवा ग्रीस अजिबात लावू नका. कॉइल तापते, तेल पातळ होतं, भुकटी धरून ठेवतं, आणि मग जी चिकट काळी पेस्ट तयार होते ती प्लेफिल्डवर आली की नुसत्या फडक्याने निघत नाही. हे तेल आधीच्या मालकांनी चांगल्या हेतूने घातलेलं असतं. ते दिसलं की काढून टाका.

दुसरा उगम रबर रिंगचा. पांढरी रबरं जुनी झाली की कडक होतात, तडकतात, आणि चेंडूच्या प्रत्येक धडकेला थोडी झडतात. काळं रबर जास्त टिकतं, पण त्याची भुकटी फळीवर फार उठून दिसते. इलेक्ट्रोमेकॅनिकल यंत्राला पांढरंच शोभतं आणि उसळीही तीच बरोबर मिळते. ठरावीक काळाने सगळा संच बदलला तर सफाईचं काम निम्म्यावर येतं.

दिव्यांचंही इथेच सांगतो. जुन्या यंत्रांत बहुधा 44 नंबरचे बल्ब असतात, ते 6.3 व्होल्टला 0.25 अँपिअर घेतात. 47 नंबरचा बल्ब त्याच सॉकेटमध्ये बसतो आणि 0.15 अँपिअर घेतो. उष्णता कमी होते, आणि इन्सर्टच्या खाली तास-तास पेटणाऱ्या दिव्यासाठी हा फरक महत्त्वाचा आहे. उजेड थोडा मंद होतो, पण जुन्या चित्रांना तो बरा दिसतो.

फ्लिपर

फ्लिपरच्या टोकाला धरून हळूच वर-खाली हलवा. अगदी किंचित खेळ असला पाहिजे. अजिबात नसेल तर फ्लिपर खाली दाबून कसलेला आहे. जास्त असेल, टोक झुकत असेल, तर खालचं नायलॉनचं बुश झिजलं आहे. दोन्ही बाबतीत फ्लिपर किंवा त्याचं रबर फळीला घासून जातं, आणि एका खेळात फ्लिपर किती वेळा हलतो याचा विचार करा.

बुश झिजलं असेल तर आधी ते बदला. मग खालून फ्लिपरचा दांडा धरणारा स्क्रू सैल करा, वरून फ्लिपर आणि बुश यांच्यामध्ये पाऊण मिलिमीटरभर जाडीचं काही सरकवा. दोन व्हिजिटिंग कार्डं एकावर एक ठेवली की साधारण तेवढं अंतर मिळतं. फ्लिपरचा कोन जुळवून स्क्रू घट्ट करा आणि कार्डं काढा. रबर फ्लिपरच्या उंचीच्या मधोमध बसवा. नवं रबर घालताना ते घाईत खाली सरकतं आणि पुन्हा तीच कमान घासायला लागतं.

इन्सर्ट

हा सगळ्यात किचकट भाग. इन्सर्ट म्हणजे फळीत भोक पाडून बसवलेली रंगीत प्लास्टिकची खिडकी, खालून दिवा लागला की उजळणारी. कारखान्यात ती गोंदाने बसवून फळीच्या पातळीला घासलेली असते. वर्षानुवर्षं थंडी-उन्हाळा, दिव्याची उष्णता आणि सुकलेला गोंद यांमुळे ती सैल होते. मग एकतर वर येते किंवा खाली बसते, किंवा मध्येच वाटीसारखी खोल होते. चेंडू तिच्या कडेवर आपटतो आणि कडेभोवतीची काळी रेघ तुकड्या-तुकड्यांनी जाते. ती रेघ तुम्ही कितीही वेळा रंगवा, इन्सर्ट सपाट होत नाही तोवर ती टिकणार नाही.

स्टीलची फूटपट्टी उभी धरून इन्सर्टवरून सरकवा, किंवा नख फिरवा. नख अडलं तर पातळी गेली. वर आलेल्या इन्सर्टला खालचा दिवा काढून हेअर ड्रायरने बेताची ऊब द्या, वर आणि खाली सपाट लाकडी ठोकळे ठेवून क्लॅम्पने हळूहळू दाबा आणि थंड होईपर्यंत तसंच राहू द्या. मग खालच्या बाजूने कडेला इपॉक्सी लावून पक्की करा. हीट गन वापरायचा मोह टाळा, रंगाला फोड येतात. इन्सर्टवर आकडे किंवा अक्षरं छापलेली असतील आणि ती छपाई इन्सर्टवरून फळीवर सलग जात असेल, तर दाबताना ती तडकू शकते. अशी एखादी इन्सर्ट नखाला जेमतेम लागत असेल तर मी तिला हात लावत नाही.

वाटीसारख्या खोल झालेल्या इन्सर्टचा इलाज दाबून होत नाही. ती वरून पारदर्शक भराव घालून सपाट करावी लागते, आणि ते काम फळीवर पूर्ण नवा थर द्यायचा असेल तेव्हाच करावं.

उतार

इलेक्ट्रोमेकॅनिकल यंत्रं साधारण साडेतीन अंशांच्या उताराला धरून बनवलेली आहेत. नव्या यंत्रांचा उतार साडेसहाच्या आसपास असतो, म्हणून नव्याची सवय असलेले लोक जुन्याचे मागचे पाय वर करतात. खेळ वेगवान होतो खरा, पण चेंडू प्रत्येक गोष्टीला जास्त जोराने आपटतो आणि फळीवरचा मार वाढतो. उतार मोबाइलच्या अ‍ॅपने मोजता येईल, आडवी पातळी मात्र चांगल्या पाणसळीनेच बघा. मोजायचं ते काचेवर किंवा कॅबिनेटवर नाही, प्लेफिल्डवर.

सफाई

हे सगळं झाल्यावर फळी पुसायची. मला जुन्या लॅकरसाठी नॅफ्थाइतकं भरवशाचं दुसरं काही सापडलेलं नाही. ते जुनं मेण आणि वंगण विरघळवतं, लॅकरला धक्का लावत नाही, आणि पाणी नसल्यामुळे लाकूड फुगत नाही. अमेरिकेत रंगाच्या दुकानात डब्यात मिळतं. थोडंच हवं असेल तर सिगारेट लायटरचं इंधन म्हणून मिळणारी छोटी बाटलीही त्याच जातीची.

पण ते अत्यंत ज्वालाग्राही आहे. इलेक्ट्रोमेकॅनिकल यंत्राच्या स्विचमधून चालू असताना ठिणग्या उडतात. प्लग काढूनच काम करा, दारं-खिडक्या उघडा, जवळपास वॉटर हीटर किंवा भट्टी पेटलेली नसावी. अमेरिकन बेसमेंटमध्ये ती बहुधा त्याच खोलीत असते, हे लक्षात ठेवा. तसं असेल तर काम दुसरीकडे हलवा. नायट्राइल हातमोजे घाला. वास पूर्ण गेल्याशिवाय यंत्र चालू करू नका, आणि भिजलेली फडकी बोळा करून कचऱ्यात न टाकता बाहेर मोकळ्या हवेत पसरून सुकवा.

फडकं ओलसर करायचं, फळीवर ओतायचं नाही. तळहाताएवढा भाग घ्या, लाकडाच्या रेषांच्या दिशेने पुसा, फडकं काळं झालं की बाजू बदला. रंग लागतोय असं दिसलं की ती जागा सोडा.

स्वयंपाकघरातले डाग काढायचा तो पांढरा मेलामाइन स्पंज अल्कोहोलमध्ये बुडवून प्लेफिल्ड चमकवल्याचे व्हिडिओ भरपूर आहेत. चमकतं, यात शंका नाही. तो स्पंज म्हणजे अतिशय बारीक पॉलिशपेपरच आहे, आणि अल्कोहोल जुन्या लॅकरला मऊ करतं. टणक थराच्या नव्या प्लेफिल्डवर हे चालून जातं. पन्नास वर्षांच्या लॅकरवर पहिल्या वेळी घाण निघते, दुसऱ्या वेळी लॅकर निघतं, तिसऱ्या वेळी चित्र. प्लास्टिक पॉलिशही याच कारणासाठी जपून वापरा. त्यात घासणारे कण असतात, त्यामुळे लॅकर शाबूत असलेल्या भागावर एखाद्या वेळी ठीक, नेहमीची सवय म्हणून नको.

मेण

कार्नोबा मेण घ्या. ब्राझीलच्या ईशान्येकडच्या एका ताडाच्या पानांवर ते मिळतं, आणि वनस्पतिजन्य मेणांत ते सगळ्यात कठीण समजलं जातं. साधारण 82 ते 86 अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणजे दिव्यांच्या उष्णतेने चिकट होत नाही. मोटारीच्या पॉलिशच्या दुकानात ते मिळतं, पण डब्यावर नीट वाचा: त्यात ‘क्लीनर’ असेल तर घासणारे कण आहेत, सिलिकॉन असेल तर पुढे कधी फळीवर नवा थर मारायची वेळ आली की तो थर माशाच्या डोळ्यासारखी भोकं पाडून फाटतो.

अगदी पातळ हात द्या, धुरकट होऊ द्या, मऊ सुती कापडाने पुसा. हवं तर दुसरा हात द्या. जाड थराने काही जास्त संरक्षण होत नाही, त्यात धूळ रुतते एवढंच. मेणाचं काम स्वतः झिजून जायचं आहे, म्हणून ते पुन्हा लावावं लागतं आणि त्यात चूक काही नाही. फळी कोरडी लागायला लागली, चेंडू सुस्त वाटला की लावा.

उघड्या लाकडावर आणि सुटत्या रंगावर मेण लावू नका. मेण लाकडात मुरतं आणि नंतर तिथे रंगही धरत नाही, लॅकरही नाही.

मायलर आणि वरून टाकायची चादर

ऐंशीच्या दशकात कारखान्यांनीच बंपरभोवती, आणि काही यंत्रांत पूर्ण प्लेफिल्डवर, मायलरची चिकट फिल्म लावायला सुरुवात केली. त्या काळात निव्वळ तिच्यामुळे वाचलेली कितीतरी प्लेफिल्ड आहेत. पण जुन्या लॅकरवर आज ती लावताना विचार करा. फिल्म काढायची वेळ आली की तिच्याबरोबर रंग येतो. रंग पक्का असेल तर खळग्यासमोरच्या टकलाच्या जागी आणि बंपरभोवतीच्या कड्यावर छोटे तुकडे लावायला माझी हरकत नाही, कारण तिथला मार दुसऱ्या कशाने थांबत नाही. अख्खी फळी मढवू नका. आणि आधीच्या कुणीतरी लावलेली मायलर नीट चिकटलेली असेल तर तिला उचकटू नका, निव्वळ कडेला साठलेली काजळी काढा.

अलीकडे यंत्राच्या मॉडेलप्रमाणे कापलेली, गोंद नसलेली पातळ पारदर्शक चादर मिळते. ती नुसती प्लेफिल्डवर पसरायची आणि पोस्ट (फळीवरच्या खुंट्या), बंपर तिच्यावरून परत बसवायचे. चेंडू मग तिच्यावर धावतो आणि रंगाला शिवत नाही. बसवायला वरचं जवळजवळ सगळं खोलावं लागतं, चेंडूचा आवाज आणि वेग थोडा बदलतो, आणि काही वर्षांनी ती धूसर झाली की बदलावी लागते. तरीही ज्याच्या घरी रोज खेळ होतो आणि ज्याची फळी अजून चांगली आहे, त्याने हा खर्च करावा असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त इन्सर्ट आधी सपाट करा. नाहीतर चादर उंचवट्यावर तरंगते आणि चेंडू वाकडा पळतो.

हवा आणि हलवाहलव

गॅरेज आणि माळा ही या यंत्रांना ठेवायची जागा नाही. गोठवणारी थंडी आणि तापणारा उन्हाळा यांच्यात इन्सर्ट सुटतात आणि लॅकर तडकतं. खोलीतली आर्द्रता वर्षभर 40 ते 50 टक्क्यांच्या आसपास ठेवता आली तर उत्तम. कोकणपट्टीत किंवा मुंबईत कुणी असं यंत्र जपत असेल तर पावसाळ्याचे चार महिने डीह्युमिडिफायरशिवाय निभाव लागणं कठीण.

यंत्र हलवायच्या आधी चेंडू बाहेर काढा. फळी उभी करून खाली काम करायच्या आधीही काढा. दुरुस्ती करताना पडलेला एखादा स्क्रू किंवा कथिलाचा थेंब प्लेफिल्डवर राहिला तर पहिल्याच खेळात त्याची रेघ उमटते, म्हणून काच लावण्यापूर्वी हात फिरवून बघा. काढलेली काच गालिच्यावर उभी ठेवा, फरशीवर नको, कारण टफन्ड काचेची कड कठीण जागी लागली की ती अख्खी चुरा होते.

जिथे रंग आधीच गेला आहे

कारणं दुरुस्त झाल्यावरच या जागांना हात लावायचा. नॅफ्थाने मेणाचा अंश काढा, सुटलेले पोपडे ओढू नका. लाकूड काळवंडलं असेल तर तसंच राहू द्या, खरवडून पांढरं करायच्या नादात पापुद्रा जातो. उघड्या लाकडावर आधी पारदर्शक थराचा एक हलका हात द्या, म्हणजे रंग तंतूंमध्ये पसरणार नाही. मग चांगल्या प्रतीचा अ‍ॅक्रिलिक रंग बारीक ब्रशने, पातळ थरांत. रंग जुळवताना कारखान्यातला मूळ रंग शोधू नका, शेजारी आज जो पिवळसर झालेला रंग दिसतो तो जुळवा. सुकल्यावर वरून पुन्हा पारदर्शक थर. त्या जागी चेंडूचा मार जास्त असेल तर वर मायलरचा छोटा तुकडा.

अख्ख्या प्लेफिल्डवर मोटारीसाठी वापरतात तो दोन भागांचा क्लिअरकोट मारणं हा वेगळा आणि मोठा विषय आहे. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. ते श्वासातून गेले तर कायमचा दमा जडू शकतो, आणि साधा मास्क त्यांना पुरत नाही. बाहेरून हवा पुरवणारा मास्क आणि स्प्रे बूथ असलेल्या माणसाकडूनच ते करून घ्या. त्याला फळी देताना आधी तिच्यावर काय काय लावलं होतं ते सगळं सांगा. विशेषतः सिलिकॉनचं पॉलिश कधी वापरलं असेल तर.